फ्लेक्सवर कोण, खुर्चीत कोण

चुलीवर काही असेल तर जाळ जरा कमी करा. दोन मिनिटांचं बोलणं आहे, पण भाजी लागायला तेवढं पुरतं.

आमच्या गावच्या वेशीवर चार महिन्यांपासून एक फ्लेक्स आहे. ‘सरपंचपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ निवडून आली बाई. पण गॉगल लावून, हात जोडून उभे आहेत तिचे मालक! तिचा फोटो कोपऱ्यात, आधार कार्डावरचा असावा. खाली नऊ शुभेच्छुक, त्यातला एक अजून दहावीत आहे. माझ्या सासूबाई विचारतात, “निवडून नक्की कोण आलं गं?”

२०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. पण खुर्ची दिसली की पुरुषमाणसाचे गुडघे दुखू लागतात, बसावंच लागतं. बैठकीत मालक खुर्चीत आणि सरपंच चहाच्या ट्रेपाशी. अडचण एकच, बँकेत मालकांची सही चालत नाही. गावाच्या निधीच्या चेकवर सरपंचाची आणि ग्रामसेवकाची सही लागते. म्हणून चेकबुक घरी येतं. ती भाकरी थापत असते, हे म्हणतात, “इथं कर गं सही.” उद्या चौकशी लागली, तर पिठाच्या हातानं केलेल्या त्या सहीचा जाब कुणाला विचारणार? तिलाच. मालक म्हणतील, “मला काय ठाऊक, सरपंच ती आहे!” तेवढ्या दिवसापुरती मात्र ती सरपंच.

आता माझंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई लोकांनाच नावं ठेवते. गेल्या हळदीकुंकवाला सत्कारात माझं नाव चौथं घेतलं, म्हणून मी दोन दिवस गटाच्या अध्यक्षबाईंशी बोलले नाही. शाल होती दीडशेची! फोटोला मात्र मी सगळ्यांच्या पुढं. मागं कोण झाकलं गेलं, ते फोटो आल्यावर दिसलं. तीच, आत्ताची सरपंच. नुसता पदर दिसतोय.

परवा ग्रामसभेच्या आधीची महिला सभा होती. मालक आले, सवयीनं खुर्चीकडं निघाले. ती हळूच म्हणाली, “अहो, आज फक्त बायकांची सभा आहे.” ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, वही पुढं ओढली आणि ग्रामसेवकांना म्हणाली, “भाऊ, पाण्याच्या टाकीला किती खर्च झाला, तेवढं मोठ्यानं वाचा.”

बाहेरून दोनदा खोकल्याचा आवाज आला. तिनं पान उलटलं.