बाहाची वाट आणि माझी फाइल

(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, "काका, तीन महिने अमेरिकेला मुलाकडे राहून आलात, काहीतरी बोला." आता अमेरिकेचे अनुभव आपल्याकडे प्रत्येक विंगमध्ये, प्रत्येक मजल्यावर आहेत. त्यात मी भर घालत नाही. मी बोलणार आहे ते अमेरिकेच्या खाली लोंबणाऱ्या, मेक्सिकोच्या मालकीच्या एका वाळवंटी द्वीपकल्पाबद्दल. नाव बाहा कॅलिफोर्निया. स्पेलिंगमध्ये 'जे' आहे, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार 'ह'. मी पहिले दोन महिने 'बाजा' म्हणत होतो आणि नातू हसत होता.

मुलगा सॅन डिएगोला राहतो. त्याच्या घरापासून मेक्सिकोची सीमा अर्ध्या तासावर. सीमा ओलांडली की तिथून दक्षिणेला सुमारे साडेबाराशे किलोमीटर लांब जमिनीची एक पट्टी आहे. डाव्या हाताला कोर्तेसचा समुद्र, उजव्या हाताला पॅसिफिक, मध्ये डोंगर आणि वाळवंट. वरपासून खालपर्यंत जाणारा डांबरी रस्ता १९७३ साली पूर्ण झाला. त्याआधी तिथे कच्च्या वाटाच होत्या, आणि त्या वाटांवरूनच १९६७ साली गाड्यांची ती प्रसिद्ध बाहा शर्यत सुरू झाली. मुख्य रस्ता सोडला तर अजूनही बऱ्याच भागात कच्चीच वाट आहे, आणि माझ्या मुलाला नेमकं तिथेच जायचं होतं. त्याच्याकडे टोयोटाची फोररनर आहे, चारही चाकांना ताकद देणारी. अशी गाडी घेतलेला माणूस तिला मॉलच्या पार्किंगमध्ये किती दिवस ठेवणार?

मी इथूनच, निघण्याआधी आठ महिने, एक फाइल उघडली. सवय जात नाही हो. चौतीस वर्षं बँकेत कर्जाच्या अर्जांवर शेरे मारले. पहिला शेरा मी माझ्याच मुलाच्या प्रस्तावावर मारला : 'उन्हाळ्यातच का?' कारण कुणालाही विचारा, बाहाला जायचं ते नोव्हेंबर ते मार्च. त्याचं उत्तर साधं होतं. नातवाची शाळा जूनमध्ये संपते आणि ऑगस्टमध्ये सुरू होते. पुढच्या वर्षी तो कॉलेजला जाणार, मग आजोबांबरोबर कोण येतंय?

मग प्रश्न उरला, उन्हाळ्यातले कुठले दिवस. त्या बाजूच्या पॅसिफिकमधला वादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा धरतात. पण द्वीपकल्पाला खरा तडाखा बसतो तो बहुतेक ऑगस्टपासून पुढे. तिथे वर्षभर कोरड्या पडलेल्या ओढ्यांमधून रस्ता जातो. वादळ आलं की त्याच ओढ्यांमधून गाडी वाहून नेण्याइतकं पाणी तासाभरात येतं. म्हणून जूनचा शेवटचा आठवडा ठरवला. वादळाचा धोका कमी, उन्हाचा मात्र पुरेपूर.

उन्हाचंही एक गणित आहे आणि ते मला फार आवडलं. पॅसिफिकच्या बाजूने थंड पाण्याचा प्रवाह उत्तरेकडून खाली येतो, त्यामुळे त्या किनाऱ्यावर जूनमध्येसुद्धा धुकं आणि गारवा असतो. कोर्तेसच्या बाजूला त्याच दिवशी पारा चाळिशीच्या वर. म्हणजे मुक्काम शक्यतो पश्चिमेला करायचा, पूर्वेला कामापुरतं जायचं. हा मी फाइलमध्ये लाल शाईने लिहिलेला नियम. तो आम्ही एकदाच मोडला, त्याबद्दल पुढे सांगतो.

आमचा मार्ग असा : एन्सेनादा, सान किंतीन, एल रोसारिओ, कातावीन्या, तिथून पूर्वेला वळून लॉस एंजेलिसची खाडी. हे अमेरिकेतलं लॉस एंजेलिस नव्हे, कोर्तेसच्या किनाऱ्यावरचं एक छोटं गाव. उन्हाळ्यात तिथे व्हेल शार्क येतात, तो नातवाचा हट्ट. तिथून माझा हट्ट : सान बोर्हा. १७६२ साली जेझुइट पाद्र्यांनी वाळवंटाच्या पोटात तिथे ठाणं वसवलं. पाचेक वर्षांतच स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलून दिलं. आज उभं आहे ते दगडी चर्च त्यांच्यानंतर आलेल्या डोमिनिकन पाद्र्यांनी १८०१ साली पूर्ण केलं. आजही तिथे जायला पस्तीसेक किलोमीटर दगडगोट्यांची वाट आहे आणि पलीकडे मुख्य रस्त्यावर उतरायला तेवढीच. माणसांनी एवढा घडवलेला दगड तिथे का आणि कसा नेला असेल, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

आता हिशोब. एल रोसारिओ सोडलं की मुख्य रस्त्यावर गेरेरो नेग्रोपर्यंत साडेतीनशे किलोमीटर भरवशाचा पंप नाही. कातावीन्याला लोक रस्त्याच्या कडेला पिंपातून पेट्रोल विकतात, पण त्यावर विसंबून निघायचं नाही. खाडीच्या गावात पंप आहे, तोही बंद असेल असंच धरायचं. मग आमचा पल्ला होतो सुमारे ४८५ किलोमीटर, त्यातले ७० कच्चे. डांबरीवर लिटरला आठ, कच्च्यावर साडेचार धरलं तर ६८ लिटर लागतात. टाकी ८७ लिटरची. मुलगा म्हणाला, "बाबा, पुरतंय की." मी म्हटलं, एसी चालू, वाळू, चुकलेला एखादा फाटा, याचं मार्जिन कुठे आहे? वीस लिटरचा कॅन घेतला.

पाणी : माणशी रोज सहा लिटर, चार माणसं, तीन दिवस. ७२ लिटर. पाण्याचं एक असतं, लिटर म्हणजे किलो. तेवढं ओझं टपावर टाकलं तर उतारावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. म्हणून पाणी मागच्या सीटच्या पायथ्याशी, खाली. टपावर फक्त अंथरुणं.

कागदपत्रांत मी रमतो, पण तुम्हाला थोडक्यात सांगतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, सीमेवर प्रवेशाचा फॉर्म मात्र करून घ्यायचाच. अमेरिकेतला गाडीचा विमा तिथे कायद्याने चालत नाही, मेक्सिकन विमा वेगळा घ्यायचा, आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान त्यात आहे का हे बारीक टाइपात वाचायचं. पहिल्या पॉलिसीत ते नव्हतं. मुलाने सही केली होती, मी रद्द करायला लावली. रात्री गाडी चालवायची नाही, हा तिथला सगळ्यांचाच नियम. रस्ता अरुंद, कडेला जागा नाही, आणि गाई-गुरं बिनदिक्कत रस्त्यावर येतात. ते वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

कच्च्या वाटेवर एकट्या गाडीने जायचं नाही, म्हणून मुलाचा एक मेक्सिकन मित्र आपली जीप घेऊन बरोबर आला. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. टायरमधली हवा वाळूत अर्ध्यावर आणायची आणि डांबरीवर परत भरायची, म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. सौभाग्यवतींच्या खात्यात सातूचं पीठ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि कोकम आगळ. लष्कराच्या एका तपासणी नाक्यावर सैनिकाने सातूच्या पिठाची पिशवी उघडायला लावली. तो वास घेतोय, आम्ही घामाघूम. हिने शांतपणे चिमूटभर पीठ तोंडात टाकलं आणि पिशवी त्याच्यापुढे केली. त्याने खाल्लं नाही, पण हसून जाऊ दिलं.

आणि फाइलचं शेवटचं कलम, माझ्या हस्ताक्षरात : 'पाचांपैकी कुणीही एकाने परत फिरू म्हटलं, तर कारण न विचारता परत फिरायचं.' सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझी पहिली.

इथपर्यंतचं मी कुणालाही अभिमानाने सांगतो. आता जे सांगणार आहे ते अजून कट्ट्यावरसुद्धा सांगितलेलं नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये बी विंगच्या जिन्यात मला घेरी आली होती. लिफ्ट बंद होती, दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसलो. वॉचमनने पाणी दिलं. मी त्याला सांगितलं, घरी बोलू नकोस. मग मी आपल्या डॉक्टरांकडे गेलो. ते आज तिसऱ्या रांगेत बसलेत. रक्तदाबासाठी मला जी गोळी चालू आहे, ती लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात कुठे जाणार नाही ना?" मी म्हटलं, "सॅन डिएगोला चाललोय, तिथे गारवा असतो." शंभर टक्के खरं उत्तर. असे अर्जदार मी आयुष्यभर पाहिले. लिहिलेलं सगळं खरं असतं, फक्त सगळं लिहिलेलं नसतं. दुसऱ्याचा अर्ज असता तर मी तो परत पाठवला असता.

प्रवास सुरेख चालला होता. कातावीन्याजवळ दगडांच्या राशी आणि त्यात सिरिओ नावाची झाडं. सिरिओ म्हणजे मेणबत्ती, पण दिसायला जमिनीत उलटा रोवलेला उंच मुळा. कार्दोन नावाचे निवडुंग आपल्या तीन-चार मजल्यांएवढे. खाडीवर दोन रात्री काढल्या, म्हणजे तो लाल शाईचा नियम मोडला. कारण पहिल्या दिवशी व्हेल शार्क दिसला नाही आणि नातवाचा चेहरा बघवेना. दुसऱ्या दिवशी होडीच्या शेजारून तो ठिपक्या-ठिपक्यांचा प्रचंड मासा गेला. नातू पाण्यातून बाहेर आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. पण त्या दोन्ही रात्री गरम वाऱ्यात मला झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सान बोर्हा. खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडीला हात टेकून उभा राहिलो, कुणी बघितलं नाही. मी गप्प बसलो. आठ महिन्यांची फाइल, आणि त्या चर्चसाठी मी एवढ्या लांब आलेलो. मनात म्हटलं, सत्तर किलोमीटर तर आहे.

फाट्यावर गाड्या थांबल्या. टायरची हवा कमी करायची होती. ते काम नातवाचं आणि माझं : तो व्हॉल्व्ह दाबणार, मी गेज वाचणार. तिसऱ्या चाकाशी वाकलो आणि आकडा दिसेना. गेज हातातून पडलं. नातवाने माझ्याकडे बघितलं. त्याचं मराठी तोडकंमोडकं आहे, पण त्या दिवशी अगदी स्पष्ट बोलला : "आजोबा, रूल तुम्हीच लिहिलाय ना?"

मी म्हटलं, "परत फिरू या."

कलमाप्रमाणे कुणी कारण विचारलं नाही. मित्राने जीप वळवली. मुलाने एक शब्द न बोलता चारही चाकांत परत हवा भरली. वीस मिनिटं तो कॉम्प्रेसर घरघरत होता, आणि त्या वीस मिनिटांत मी जिन्यातली घेरी, गोळी, डॉक्टरांना दिलेलं उत्तर, सगळं सांगून टाकलं. मुलगा रागावला नाही, हे मला जास्त लागलं. त्याने फक्त विचारलं, "बाबा, हे मार्चमध्ये सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून ना?" मी हो म्हटलं. ही मात्र पुढचे दोन तास माझ्याशी बोलली नाही, कोकमाचं पाणी मात्र दर पंधरा मिनिटांनी पुढे करत होती.

डांबरी रस्त्याने थेट पश्चिमेला गेरेरो नेग्रो गाठलं. दुपारी तिथे धुकं होतं आणि मला चक्क स्वेटर घालावा लागला. रेंज मिळताच भारतातली पहाट होण्याची वाट बघून डॉक्टरांना फोन लावला. ते काय बोलले ते इथे सांगत नाही. गोळी बदलली, पाणी आणि मीठ वाढवलं, दोन दिवस पूर्ण आराम. इथे बसलेल्या ज्यांना अशी गोळी चालू असेल त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये, पण उन्हाळ्याच्या प्रवासाआधी डॉक्टरांना पूर्ण पत्ता द्यावा, नुसतं शहर नव्हे.

ते दोन दिवस मी मिठागरं बघत काढले. समुद्राचं पाणी उन्हात सुकवून मीठ करणारा जगातला सगळ्यात मोठा कारखाना तिथे आहे. भांडुप-मुलुंडची मिठागरं लोकलच्या खिडकीतून आपण बघितलेली, तसंच, फक्त नजर पोहोचेल तिथपर्यंत. नातू आणि मुलगा मला एकट्याला सोडून सान बोर्हाला जाऊन येऊ शकले असते, दुसरी गाडीही होती. मी तसं सुचवलंही. नातू म्हणाला, तुमच्याशिवाय त्या चर्चचं आम्हाला काय करायचंय.

मुलगा म्हणतो या नोव्हेंबरात या. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तपासण्या होतील, त्याची तारीख डॉक्टरांनीच दिलीय. फाइल माझ्याकडे आहे, पेट्रोल-पाण्याच्या हिशोबाचे तक्ते त्यात आहेत. आपल्यातलं कुणी कच्छला किंवा लडाखला गाडी घेऊन जाणार असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर यावं, झेरॉक्स काढून देईन. वॉचमनला मात्र मी आल्या आल्या सांगितलंय की पुढच्या वेळी कुणी काहीही म्हटलं तरी सरळ घरची बेल वाजवायची.

सेक्रेटरी खुणावतायत, चहा झालाय. थांबतो.