दाराशी भेटणारा पहिला माणूस
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सॉल्ट लेक येथे दिलेले भाषण)



मध्यंतरी आम्ही काही मंडळी आपल्यातील एका वृद्ध आजींना घेऊन रात्री येथील रुग्णालयात गेलो. भेदरलेल्या आजी सलाइनची नळी उपटीत होत्या आणि मराठीत एकसारखे काही सांगत होत्या. ते कोणास कळेना. ‘पागल’ हा शब्द आमच्या कानी आला. हात बांधण्याची तयारी झाली. तोच एक बंगाली परिचारिका पुढे आली. तिने गर्दी हटविली, आम्हांस उशाशी बसविले आणि विचारले, ‘त्या काय म्हणत आहेत?’ आजी आपल्या मुलाला शोधीत होत्या! पुढे तपासणीत रक्तातील सोडियम घटल्याचे आढळले. तो भ्रम शरीराच्या आजाराचा होता.

१९३३ साली याच नगरीत डॉ. गिरींद्रशेखर बसू यांनी कारमायकेल, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही तो सुरू झाला. मनाचा आजारी सामान्य रुग्णालयाच्या दाराशी आला, तो तेव्हापासून. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर आणीबाणीच्या प्रसंगी कोणाही नोंदणीकृत डॉक्टरास बहात्तर तासांपर्यंत उपचार करण्याची मुभा दिली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा अपराधी नसून तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले.

परंतु दाराशी प्रथम भेटतो तो पहारेकरी, वॉर्डबॉय किंवा आया. प्रशिक्षण हवे ते त्यांनाही. एकानेच, हळू आवाजात, लहान वाक्यांत बोलावे. हुज्जत घालू नये. वाट अडवू नये. धोक्याच्या वस्तू दूर कराव्यात. रुग्णास एकटे सोडू नये. अचानक गोंधळलेल्या माणसास वेडा ठरविण्यापूर्वी त्याची साखर, ताप व औषधे पाहावीत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे मायेने विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होण्यास वाट मिळते.

आणि आपण? परमुलखात दुखणे आले की माणसास आपलीच भाषा आठवते. मंडळाने रुग्णालयात जाऊन दुभाष्याचे काम करणाऱ्यांची एक यादी करावी. घरोघरी वडीलधाऱ्यांच्या औषधांचे टिपण बंगालीत व इंग्रजीत लिहून ठेवावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फोनजवळ असावा.

पन्नास वर्षे आपण येथे गणपती बसविला. एकावन्नाव्या वर्षी कोणाच्या उशाशीही बसू या, एवढीच आमची विनंती.