प्रयोग तिचा, पेटंट कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पेटंट हा शब्द ऐकून काहीजणींच्या कपाळावर आठी उमटलेली मला इथून दिसते आहे. पोटगी, हुंडा, रेशन सोडून ही बाई आज कुठे निघाली, असे वाटत असेल. दोन वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. माझे शिक्षण समाजकार्याचे, विज्ञान दहावीनंतर सुटले ते सुटलेच.

एका विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे समितीत स्वयंसेवी संस्थेतली एक व्यक्ती लागते, ती मी. एकदा बैठक संपवून निघाले तर रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी एक मुलगी दाराशी उभी. म्हणाली, "ताई, सरांनी माझ्याशी काही वाईट वर्तन केलेले नाही. उलट ते मला मुलीसारखे वागवतात. पण पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून सरांचे नाव आहे, लॅबमधल्या दोन मुलांची आहेत, माझे नाही. ती प्रक्रिया मी बसवली आहे. ही तक्रार तुमच्याकडे चालते का?"

चालत नव्हती. आमची समिती लैंगिक छळासाठी. पण "मुलीसारखे वागवतात" हे तिचे शब्द बरेच दिवस डोक्यात राहिले. वाटणीच्या वेळी मुलींना कसे वागवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडे अर्ज केल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. तोवर तिला पत्ताच नव्हता. सरांना विचारले तेव्हा ते सहज म्हणाले, "पेपरमध्ये तुझे नाव आहेच की. आणि तुझे लग्न ठरत होते, सह्यांसाठी तुला कुठे शोधणार होतो?" यात त्यांना काही वावगे वाटले नाही. मला हीच गोष्ट जास्त गंभीर वाटते.

हे एकाच लॅबचे दुखणे आहे का, म्हणून मी वाचायला लागले. अमेरिकेत विद्यापीठांतल्या ४,२२७ जीवशास्त्रज्ञांचा तीस वर्षांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. डिंग, मरे आणि स्टुअर्ट हे त्याचे लेखक. पुरुष ३,३२४, त्यांतल्या १३ टक्क्यांच्या नावे पेटंट. स्त्रिया ९०३, त्यांतल्या ५.६५ टक्क्यांच्या नावे. कुणी म्हणेल, बायका कमी लिहितात, उशिरा येतात, लहान विद्यापीठांत असतात. तो हिशेबही त्यांनी केला. विषय, प्रकाशने, संस्था सगळे सारखे धरले तरी स्त्रियांचा पेटंट घेण्याचा वेग पुरुषांच्या ४० टक्केच भरला. आणि त्यांच्या संशोधनाचा दर्जा कमी होता असेही दिसले नाही.

मग अडते कुठे? त्यांनी मुलाखतीही घेतल्या, आणि मला आकड्यांपेक्षा त्या महत्त्वाच्या वाटतात. पुरुष प्राध्यापक सांगतात की काही नवे हाती लागले की कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करतो आणि विचारतो, यात काही दम आहे का? स्त्रियांना फोन करायला असा माणूसच नव्हता. शिवाय पैशाच्या मागे लागली तर शिकवण्यात आणि संशोधनात कमी पडते म्हणतील, ही धास्ती. तरुण पिढीत, जिथे ज्येष्ठांनी हात धरून वाट दाखवली, तिथे अंतर कमी झालेले दिसले. म्हणजे बुद्धीचा प्रश्न नाही, कट्ट्याचा आहे. आपल्या गावातही पंचायतीचे निर्णय बैठकीआधी चहाच्या टपरीवर होतात, तसेच हे.

त्यात एक तांत्रिक फास आहे. शोध आधी छापला की त्याचे नावीन्य संपते, मग बहुतेक देशांत पेटंट मिळत नाही. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, आपल्याकडची फार अरुंद. हे ज्याला माहीत तो आधी अर्ज करतो, मग पेपर पाठवतो. जिला कुणी सांगितलेच नाही, ती आनंदाने पेपर छापून मोकळी होते.

यात आपले काय गेले, असे विचारणाऱ्यांसाठी आणखी एक अभ्यास. कोनिंग आणि सहकाऱ्यांनी १९७६ ते २०१० मधली अमेरिकेतली वैद्यकीय पेटंटे तपासली. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. फक्त स्त्रिया असलेल्या गटांचे शोध स्त्रियांच्या आरोग्याविषयी असण्याची शक्यता, फक्त पुरुषांच्या गटांपेक्षा ३५ टक्के जास्त होती. गर्भपिशवीच्या तक्रारी घेऊन आपल्याकडे येणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कोणाचे शोध झालेच नाहीत ते कळेल.

आता आपला कायदा. २०१९ मध्ये नियम बदलून स्त्रियांच्या अर्जाची तपासणी लवकर करण्याची सोय झाली. मला आनंद झाला होता. नीट वाचल्यावर ओसरला. ही सोय अर्जदार स्त्रीला आहे, शोधक स्त्रीला नाही, आणि अर्जदार सगळे व्यक्तीच असावे लागतात. विद्यापीठात अर्जदार असते विद्यापीठ. म्हणजे आमच्या मुलीसारख्या संशोधिकेला, तिचे नाव अर्जात असते तरी, ही सोय लागू झाली नसती.

उपयोगी आहे ते जुने कलम २८. अर्जात नाव न घातलेली व्यक्ती 'मी शोधक आहे' असा दावा अर्ज क्रमांक ८ भरून करू शकते. त्याने पैशाचा हक्क मिळत नाही, फक्त नावाची नोंद होते. पण नावच तर पुसले होते. पुरावा म्हणून तारीख घातलेली प्रयोगवही हवी. तुमच्या ओळखीत संशोधन करणारी मुलगी असेल तर तिला आजच सांगा, पानावर तारीख घाल, सही कर, एक प्रत घरी ठेव. आणि सरकारी विद्यापीठांकडे माहितीच्या अधिकारात आपण विचारू शकतो, दहा वर्षांत किती अर्ज केले, शोधक कोण, त्यांत स्त्रिया किती. दोन जिल्ह्यांतल्या गटांनी हे वाटून घ्यावे असे मला वाटते.

त्या मुलीची प्रयोगवही पक्की आहे, मी पाहिली. अर्ज क्रमांक ८ तिने छापून घेतला, सही केलेली नाही. व्हायव्हा सरांच्याच हातात आहे, ती झाल्यावर बघू म्हणते. तिला भित्री म्हणण्याचा मला अधिकार नाही, पाच वर्षांची मेहनत तिची आहे. पण हा दावा पेटंट मंजूर होण्याआधीच करावा लागतो, आणि व्हायव्हाची तारीख अजून लागलेली नाही.