दवाखान्याचे दार आणि रात्रीची वाट



४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. चवदार तळ्यामुळे त्यातले पाणवठे आपल्या लक्षात राहिले. पण सार्वजनिक दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्याच ठरावात होते. ठराव कागदावरच राहतो हे दिसताच बोले १९२६ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि अंमल न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे, अशी मागणी त्यांनी केली.

दवाखान्याचे दार उघडले. पण दारापर्यंत पोहोचायचे कसे?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही एका आडगावच्या शाखेत कॅशियर होतो. एके सकाळी काउंटर उघडण्याआधीच एक म्हातारबाबा पासबुक घेऊन उभे होते. सून रात्रीपासून अडलेली. जीपवाला आगाऊ भाडे मागत होता. पैसे खात्यात होते, पण बँक दहाला उघडणार! आम्ही घाईने रक्कम मोजून दिली. सून वाचली, बाळ गेले. त्या संध्याकाळी कॅश पैशापर्यंत जुळली, पण आम्हाला झोप लागली नाही.

२०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या उपचारासाठी आधी पैसे भरण्याची सक्ती नको, हे त्याचे सूत्र. म्हणजे सभागृहात मनावर घेतले तर मार्ग निघतो.

मात्र नारळ फोडून रुग्णवाहिका मिळाली म्हणजे काम संपले, असे समजू नका. चालक, डिझेल, दुरुस्ती, रात्रपाळीचा डॉक्टर हा दरवर्षीचा खर्च आहे. त्याची तरतूद अर्थसंकल्पातच व्हावी लागते. आमदाराने तारांकित प्रश्न विचारावा, लक्षवेधी मांडावी. पण त्याच्या हाती आकडे कोण देणार?

विद्यार्थी मित्रहो, ते तुम्ही द्या. गावात एक वही ठेवा. फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, दवाखाना किती किलोमीटर, पावसाळ्यात रस्ता कुठे तुटला, हे तारखेनिशी लिहा. ती वही आपल्या आमदाराच्या हाती द्या. उत्तर आले नाही तर पुन्हा द्या. बोल्यांनाही दुसऱ्यांदा उभे राहावे लागले होते.

जयभीम!