पागोळ्यांचं पाणी कुणाचं?

पागोळ्यांखाली पिंप ठेवायला कायद्याची परवानगी लागेल, असं आपल्या मनातही येत नाही. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१६ पर्यंत बहुतेक घरमालकांना त्याची मनाई होती. ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी, हा तिथला दीडशे वर्षं जुना नियम. छपरावरून ओघळलेलं पाणीही शेवटी नदीलाच मिळणार, म्हणजे ते खालच्या अंगाच्या हक्कदार शेतकऱ्याचं! त्या शेतकऱ्याची काळजी मला पटते. पण परसातल्या पिंपानं त्याची नदी आटेल, हे काही पटत नाही. २०१६च्या कायद्यानं अखेर दोन पिंपांची मुभा दिली. दोन्ही मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर. पिंपाला घट्ट झाकण हवं. पाणी अंगणातल्या झाडांना, हिरवळीला घाला. प्यायला मात्र वापरायचं नाही.