दोन लाव्ह्यांमधले साक्षीदार



मराठवाड्यातल्या नेकनूरच्या शिवारात विहीर खणली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मुरुमाखाली काळा पाषाण. मध्येच एखादा तांबडा थर येतो आणि पुन्हा पाषाण सुरू होतो. बालाघाटाच्या रांगेत कुठेही पाहिले तरी हे चित्र फारसे बदलत नाही. खडक सारखा दिसतो म्हणून तो एकाच काळाचा, असे मानण्याचा मोह दख्खनच्या पठारावर फार होतो. आपला हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तप्त लाव्हा थिजून झाला, त्यामुळे त्यात जीवाश्म शोधणे बहुधा व्यर्थच. पण दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात सखल जागी तळी साचली, त्यांच्या तळाशी गाळ बसला आणि त्यावर पुढचा लाव्हा पसरला. या पातळ इंटरट्रॅपियन थरांतले गोड्या पाण्यातले शंख, परागकण आणि एकपेशीय जीवांची कवचे वाचल्याशिवाय दख्खनचा इतिहास जगाच्या कालक्रमात नीट बसवता येणार नाही, हे मला आज मांडायचे आहे.

हे वाचन महाराष्ट्रातच सुरू झाले. नागपूरच्या परिसरातले जीवाश्म स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी 1850च्या दशकात गोळा करून अभ्यासकांपुढे ठेवले. फायसा प्रिन्सेपी ही गोगलगाय त्यातून दख्खनच्या थरांची जणू खूणच ठरली. पुढे 1940 मध्ये मद्रासच्या विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून बिरबल साहनींनी वनस्पतींच्या जीवाश्मांचा आधार घेऊन दख्खनचे लाव्हे तृतीयक, म्हणजे क्रिटेशसनंतरच्या, काळातले असल्याचे सांगितले. आज आपण या उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशस आणि पॅलिओसीन यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंचा मानतो. साहनींचे निरीक्षण उत्तम होते. अडचण अशी की ताडवर्गातल्या ज्या वनस्पती त्यांना तृतीयक वाटल्या, त्यांचे वंश क्रिटेशसच्या अखेरीसही होते, हे नंतर कळले. जीवाश्माची साक्ष त्याच्या आयुर्मर्यादेच्या आपल्या ज्ञानाइतकीच भक्कम असते.

इथे रास्त आक्षेप येतो. गोगलगायीला तळे मिळाले की ती नांदते, मग ते कोणत्याही शतसहस्रकातले असो. दोन ठिकाणी एकच शंख सापडला तर ते समकालीन ठरतात का? एकट्या शंखावरून ठरत नाहीत. म्हणून अनेक जीवांचा समूह पाहावा लागतो, आणि शक्य तेथे समुद्राशी दुवा जोडावा लागतो. असा दुवा गोदावरीच्या खालच्या टोकाला, राजमहेंद्रीला मिळाला. तिथे दोन लाव्ह्यांच्या मधल्या सागरी थरांत गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांना पॅलिओसीनच्या अगदी आरंभीचे फोरामिनिफेरा हे तरंगते, कवचधारी एकपेशीय जीव आढळले. त्यांचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. वाळूच्या कणाएवढी ही कवचे महासागरभर पसरत आणि त्यांच्या जाती लवकर बदलत, म्हणून त्यांच्या आधारे दूरदूरचे थर जुळवता येतात. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीलाही असेच जीव मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे. आर्गॉन आणि युरेनियम-शिसे पद्धतींनी लाव्ह्याचे वय आज काही दशसहस्र वर्षांच्या अचूकतेने सांगता येते, मग शंख कशाला हवेत? या पद्धतींचे महत्त्व मी निःसंकोच मान्य करतो. मात्र त्यांना ताजा, न झिजलेला खडक किंवा योग्य खनिज लागते, आणि असे नमुने सर्वत्र मिळत नाहीत. शिवाय आकडा केवळ काळ सांगतो. त्या काळात कोण जगत होते आणि कोण नाहीसे झाले, हे गाळच सांगतो. डायनोसॉरांच्या अंतात दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती, हा वाद म्हणूनच केवळ यंत्रावर मिटणार नाही.

जीवाश्मयुक्त थर आजवर मुख्यतः पठाराच्या पूर्व आणि उत्तर कडांना, तसेच मुंबईत मिळाले आहेत. मराठवाड्याच्या गाभ्यात ते विरळ आहेत. म्हणून माझी विनंती आहे: नवी विहीर, रस्त्याचा कट किंवा खाण उघडली की दोन पाषाणांमधला पांढरट चुनखडीचा वा गारगोटीसारखा कठीण थर फेकून देऊ नका. जागा आणि खोली लिहून ठेवा, तुकडा जपा आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला दाखवा.