ड्यूक आणि सेनासाहेब सुभा

बातम्यांत ‘ड्यूक’ ऐकलं की राजवाडा डोळ्यांपुढे येतो. शब्द मात्र छावणीतला. लॅटिन ‘डुक्स’ म्हणजे म्होरक्या. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सरहद्दीवरचा सेनापती. जर्मन लोक ड्यूकला ‘हेर्त्सोग’ म्हणतात, म्हणजे सैन्याच्या पुढे चालणारा. हुद्दा बापाकडून मुलाकडे जाऊ लागला आणि त्याचा किताब झाला. इंग्लंडातला पहिला ड्यूक १३३७ सालचा, कॉर्नवॉलचा.

पण भिलाईत बसून इंग्लंड कशाला? छत्तीसगडचा हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. १७४१मध्ये त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर इथल्या रतनपूरवर चालून आले; पुढे बिंबाजी भोसल्यांनी तिथंच राहून कारभार केला. या घराण्याचा किताब ‘सेनासाहेब सुभा’, सातारच्या छत्रपतींकडून मिळालेला. सेना म्हणजे फौज, सुभा म्हणजे प्रांत. ड्यूकची सगळी कुंडली दोन शब्दांत! आणि किताब म्हटला की भाऊबंदकी आलीच: रघूजी भोसल्यांच्या मागे त्यांचे मुलगे जानोजी आणि मुधोजी यावरून भांडले.

१८५४मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीनं नागपूर खालसा केलं. पुढे इंग्रजांनी भोसल्यांच्या दत्तक वारसाला नवा किताब दिला, ‘देऊरचे राजे बहादूर’. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं एक गाव. या नव्या किताबात ना सेना, ना सुभा.